इराकमधल्या अल असदला जायचं की नाही यावर घरात तीन आठवडे भांडलो, आणि नोकरी मुळात नव्हतीच

आकडा आधी सांगून टाकतो, कारण भेटेल तो पहिल्यांदा तोच विचारतो. एजंटने बुडवलेले ३,८४,४०० रुपये. दीड लाखाची एफडी मोडली, बायकोच्या पाटल्या आणि मोहनमाळ पतसंस्थेत ठेवून १,६०,००० उचलले, उरलेले ७४,४०० बचत खात्यातून. सहा वेळा पैसे पाठवले. सहाही वेळा पिन मीच दाबला, कोणी मानेवर सुरी ठेवली नव्हती.

मी डीजी सेटचा, म्हणजे डिझेल जनरेटरचा मेकॅनिक. आयटीआय केलेला, भोसरी-चाकण पट्ट्यात बावीस वर्षं काढलेला. पगार ३४,०००. मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, चिखलीतल्या वन बीएचकेचे हप्ते अजून नऊ वर्षं. दया यावी म्हणून सांगत नाही. 'लोभ नडला' असं ज्यांनी तोंडावर ऐकवलं, त्यांनी एकदा हा हिशेब मांडून बघावा आणि मग बोलावं.

जाहिरात कुठून आली, ऑफिस कसं चकाचक होतं, टाय लावलेला पोरगा किती गोड बोलत होता, ते लिहीत बसत नाही. सगळ्यांचं तेच असतं. पुण्यात कॅम्पातल्या एका इमारतीत तिसरा मजला. केबिन तासाच्या भाड्याने घेतलेली होती, हे नंतर वॉचमनने सांगितलं. नोकरी काय, तर इराकमधल्या अल असद तळावर अमेरिकन कंत्राटदाराकडे जनरेटर टेक्निशियन. बंदूक वगैरे काही नाही, सिव्हिलियन पोस्ट. दोन वर्षांचा करार, महिना ३,२०० डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावाने पावणेतीन लाख. राहणं-खाणं फुकट.

मेख इथेच आहे. दुबईत या कामाला कोणी पावणेतीन लाख सांगितले असते, तर मी हसून फोन ठेवला असता. आमचा हेल्परसुद्धा हसला असता. पण इराक म्हटल्यावर, तळ म्हटल्यावर तोच आकडा खरा वाटायला लागला. एवढे का देतात? जिवाची जोखीम आहे म्हणून देतात. हे उत्तर त्या माणसाला द्यावंही लागलं नाही, आमचं आम्हीच दिलं. उलट तो म्हणाला, "सर, खोटं बोलणार नाही. तिथे रॉकेट पडतात. आधी घरी बोला, वहिनी हो म्हणाल्या तरच या. मध्येच पळून येणारी माणसं आम्हाला नकोत." जो स्वतःच्या तोंडाने येऊ नका म्हणतो, तो चोर कसा असेल? असं मला वाटलं. तुम्हालाही वाटलं असतं.

मग तीन आठवडे घरात महाभारत. बायको म्हणाली, मोसूलचं विसरलात का? २०१४ मध्ये तिथे ४० भारतीय कामगार पळवून नेले होते, एकच निसटला. बाकीचे ३९ मारले गेलेत, हे सुषमा स्वराज यांनी राज्यसभेत सांगितलं तेव्हा २०१८ चा मार्च उजाडला होता. चार वर्षं बिचारे घरचे वाट बघत होते. आईने जेवण सोडलं. मुलाने नेटवरून काढलं की जानेवारी २०२० मध्ये इराणने क्षेपणास्त्रं डागली ती याच अल असदवर, शंभरावर अमेरिकन सैनिकांच्या मेंदूला मार बसला होता. मी म्हणायचो, पण मेलं कोण? त्या हल्ल्यात एकही अमेरिकन मेला नाही. मेहुणा लष्कराच्या ईएमईमधून (यंत्रं दुरुस्त करणारा विभाग) हवालदार म्हणून निवृत्त झालाय, काँगोत यूएनच्या मिशनवर जाऊन आलाय. त्याने निकाल दिला, "दाजी, तळावर जनरेटरवाल्याला सगळे जपतात. सेट बंद पडला की साहेबाचा एसी बंद." त्यावर आईसुद्धा हसली. मला वाटतं मी त्याच संध्याकाळी मनाने निघालो होतो.

बंकर किती आहेत, सायरन किती आधी वाजतो, काही झालं तर मला परत कोण आणणार, विम्याचे किती मिळणार, सगळं विचारून झालं. मी मरेन का, यावर पाच माणसं तीन आठवडे बोलली. या एजंटला परवाना आहे का, हे पाचांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

आणि आता तो क्षण. रात्री झोप लागत नाही तेव्हा हाच उगाळत बसतो. व्हिडिओ कॉलवर मुलाखत. पलीकडे 'साइट एचआर', मागे अमेरिकेचा झेंडा, हिंदी दिल्लीकडची. दारू पिता का, बीपी आहे का, मुलं किती, यात वीस मिनिटं गेली. सेटबद्दल एक प्रश्न नाही. शेवटी म्हणाला, तुम्हाला काही विचारायचंय? मी विचारलं, सेट पंधराशे आरपीएमचे आहेत की अठराशेचे?

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे आपला चार पोलचा सेट मिनिटाला १५०० फेऱ्यांवर चालतो. अमेरिकेची ६० हर्ट्झ, म्हणून त्यांचा १८०० वर. अमेरिकन तळावर निघालेला मेकॅनिक पहिलं हेच विचारणार, आणि ज्याने एकदा तरी नेमप्लेट वाचलीय तो झोपेतही उत्तर देईल. हा दोन सेकंद थांबला आणि म्हणाला, "दोनों हैं सर, आपको जो पसंद हो."

पसंद! जशी काही तुळशीबागेत साडी दाखवतोय. हाताखालच्या पोराने असं उत्तर दिलं असतं, तर मी त्याला दिवसभर फिल्टर धुवायला बसवलं असतं. आणि मी काय केलं? "थँक यू सर" म्हणालो. एचआरवाला आहे, त्याला काय कळतंय, अशी मनाची समजूत घातली. बावीस वर्षांत जे शिकलो, तेवढं एकच माझ्या बाजूने उभं होतं, आणि नोकरी हातची जाऊ नये म्हणून ते मी गिळलं. तोवर फक्त २०,९०० गेले होते. नोंदणीचे ८,५०० आणि मेडिकलचे १२,४००. तिथे उठलो असतो तर महिनाभर चरफडून विसरलो असतो.

मेडिकलचंही तसंच. म्हणे गामका, म्हणजे आखाती देशांत जाणाऱ्यांची ठरलेली तपासणी. गामका सौदी, यूएई, कुवेत, कतार, बहारीन आणि ओमान या सहा देशांसाठी. इराक त्यात बसतच नाही. चिंचवडच्या एका लॅबमध्ये रक्त काढलं, त्याचे हजार-दीड हजारच्या वर झाले नसतील.

पुढे सिक्युरिटी क्लीअरन्सचे ३५,०००. त्यानंतर ४८,५०० 'डिफेन्स बेस अ‍ॅक्ट' विम्याचे. हे सगळ्यात जास्त झोंबतं, कारण हा कायदा खरा आहे. अमेरिकेचा, १९४१ चा. त्यांच्या परदेशातल्या तळांवर कंत्राटदाराकडे राबणाऱ्या माणसाला, मग तो कुठल्याही देशाचा असो, इजा झाली किंवा तो गेला तर भरपाई. पण हप्ता कंत्राटदाराने भरायचा, कामगाराने नाही. नुसता विमाच नाही, अमेरिकन सरकारी कंत्राटांच्या नियमांत कामगाराकडून भरतीची फी घ्यायलाच मनाई आहे. अमेरिकन तळाच्या नावाने कोणी शंभर रुपये मागितले तरी चहा न पिता उठा. मी नाव गुगल केलं, कायदा सापडला, खूश झालो आणि मोबाइल खिशात टाकला. पैसे कोण भरतो, हे शोधायचं सुचलंच नाही.

पगाराचंही तेच. इराक-अफगाणिस्तानातल्या अमेरिकन तळांवर आपल्याकडची, नेपाळची हजारो माणसं राबली. त्यातल्या बहुतेकांना महिन्याला काहीशे डॉलरच मिळाले. हजारांत डॉलर मिळतात ते गोऱ्यांना. शिवाय सप्टेंबर २०२४ मध्येच अमेरिका आणि इराकने जाहीर केलं होतं की त्यांच्या आयसिसविरोधी लष्करी युतीची तिथली मोहीम वर्षभरात आवरती घेणार. दुकान बंद करायला निघालेला मालक दोन वर्षांच्या बोलीवर नवा नोकर ठेवतो का? पेपरात आलेली बातमी, मी वाचलेली. तरीही.

मग त्याने पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर लिहून घेतलं की युद्धजन्य परिस्थितीत मृत्यू आल्यास माझी हरकत नाही. वारस म्हणून बायकोचं नाव, शेजारी तिची सही. तिचा हात थरथरत होता, 'पत्नी' या शब्दावर शाईचा डाग पडला. एवढं झाल्यावर व्हिसा-तिकिटाचे १,२०,००० आणि पहिल्या पगारात परत मिळणारं 'मोबिलायझेशन डिपॉझिट' १,६०,००० यावर कोण घासाघीस करणार? मरणाच्या कागदावर सही केलेला माणूस पावती मागायला लाजतो.

विमान १४ मार्चचं, ऐन धुळवडीला. होळीच्या रात्री पुरणपोळी खाऊन मुलाने सहज एअरलाइनच्या साइटवर तिकिटाचा नंबर टाकला. असं बुकिंगच नाही. एजंटला फोन केला, तो म्हणाला, क्लीअरन्स लांबलंय, आठ दिवस थांबा. मुलगा म्हणत होता, पप्पा, आत्ताच्या आत्ता १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. मी त्याच्यावरच खेकसलो. आठाचे पंधरा झाले, मग एजंटचा फोन बंद. मी १९३० फिरवला तो २ एप्रिलला. एकोणीस दिवस मी लाजेपायी घालवले. त्या खात्यात तोवर उरले होते ६,२१२ रुपये, तेवढे गोठवले. ते सोडवायला बँक म्हणते कोर्टाचा आदेश आणा, आणि वकील म्हणतो माझी फी ५,०००.

पोलिसांचं काय सांगू? घराजवळच्या चौकीत म्हणाले, ऑफिस जिथे होतं तिकडे जा. तिकडे म्हणाले, पैसे कुठे बसून पाठवले? घरी? मग घराकडच्या हद्दीत. सायबरवाले म्हणाले, तुम्ही समोरासमोर भेटला होतात ना, मग हे सायबर कसं? मी मोबाइलवर नवीन कायद्याचं, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ काढून दाखवलं. हद्द कुठलीही असो, गुन्ह्याची खबर नोंदवून घ्यावी लागते असं त्यात स्पष्ट लिहिलंय. साहेब म्हणाले, "मोबाइल आत ठेवा." शेवटी साधा तक्रार अर्ज घेतला. गुन्हा दाखल नाहीच, चौकशी चालू आहे. दिल्लीला ऑनलाइन तक्रार केली, ती त्यांनी राज्याकडे पाठवली, राज्याने खाली पाठवली, आणि खाली घसरत घसरत ती त्याच चौकीत त्याच हवालदाराच्या टेबलावर पोचली. त्याचा मला फोन, "वर तक्रार करायची काय गरज होती?"

आणि प्रत्येक जण एक वाक्य ठेवणीतलं असल्यासारखं बोलतो: बरं झालं, जीव तरी वाचला. हवालदार, बँक मॅनेजर, वकील, सोसायटीचे सेक्रेटरी, सगळे. जसं काही त्या एजंटने माझ्यावर उपकारच केले. खोटं आहे असं म्हणत नाही. रशियात हेल्परची कामं आहेत म्हणून नेलेली पोरं थेट खंदकात पोचली. रशियन सैन्यात अडकलेल्या १२६ भारतीयांपैकी १२ मेले आणि १६ बेपत्ता आहेत, हे परराष्ट्र मंत्रालयानेच जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं. २००४ मध्ये जॉर्डनची नोकरी सांगून नेलेले बारा नेपाळी इराकमध्ये मारले गेले. मी घरी आहे, खरंय. पण पाटल्या पतसंस्थेत आहेत, आणि व्याज माझं चालू आहे.

परवान्याबद्दल. ऑफिसात फ्रेम करून लावलेला नंबर मी नंतर सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर टाकला, तिथे परवानाधारक एजंटांची यादी असते. नंबर खरा निघाला, पण दुसऱ्याच शहरातल्या दुसऱ्याच एजन्सीचा. त्यांना फोन केला तर तिथला माणूस थकल्या आवाजात म्हणाला, "या महिन्यातले तुम्ही पाचवे." तेव्हा नुसता नंबर बघू नका, पोर्टलवरच्या फोनवर स्वतः बोला. नोंदणीकृत एजंटला तीस हजार आणि त्यावर जीएसटी, म्हणजे ३५,४०० च्या वर फी घेता येत नाही. 'तुम्ही दहावी पास, पासपोर्ट नॉन-ईसीआर, तुम्हाला परदेशी नोकरीला जायला सरकारी एमिग्रेशन क्लीअरन्स लागत नाही' हे मला सांगितलं तेव्हा ते खरंच होतं. लागत नाही ते मला. परवाना लागतो तो त्याला.

आमच्याच सोसायटीतला एक आयटीआय झालेला पोरगा परवा विचारत होता, काका, इस्राएलचं पण खोटंच का? नाही रे बाबा. तो सरकारा-सरकारांतला करार, नोव्हेंबर २०२३ चा, भरती एनएसडीसी या राष्ट्रीय कौशल्य विकास महामंडळामार्फत, सेंटरिंग आणि सळई बांधणाऱ्यांना महिना एक लाख सदतीस हजारांच्या आसपास. ती भरती खरी होती म्हणूनच माझ्या एजंटचं खोटं खपलं. त्यातही धोका आहेच. मार्च २०२४ मध्ये तिथल्या बागेत काम करणारा केरळचा एक जण क्षेपणास्त्राने गेला. जायचं की नाही ते तुझ्या आईशी बोलून ठरव, पण ते बोलणं सगळ्यात शेवटी. आधी कागद माझ्याकडे आण. आणि कामाचा एक प्रश्न विचार, तुझ्या धंद्यातला, पलीकडच्याला येतो का बघ.

काल दुपारी चौकीतून फोन आला. बँक स्टेटमेंट आणि स्टॅम्प पेपरची झेरॉक्स फाइलमध्ये सापडत नाही म्हणे. तीन प्रती आणा, प्रत्येक पानावर सही करून. ही तिसरी वेळ. उद्या हाफ डे टाकलाय.