वाइल्डकॅट रंगवताय? मे १९४२ च्या आधीचं की नंतरचं?

वाइल्डकॅटचं मॉडेल हाती घेताना आधी तारीख ठरवा, विमान मागाहून. अमेरिकन नौदलाच्या या लढाऊ विमानावरची चिन्हं १९४२ या एकाच वर्षात इतक्या वेळा बदलली की महिना चुकला, तर उत्तम रंगवलेलं मॉडेलही चुकीचं ठरतं.

निवड बहुधा दोघांत असते: जपानविरुद्धच्या कोरल समुद्राच्या लढाईतलं (मे) वाइल्डकॅटचं एफ४एफ-३ रूप किंवा मिडवेच्या लढाईतलं (जून) एफ४एफ-४. दोन्हींचा मूळ रंग एकच, वर निळसर करडा आणि खाली फिका करडा, तोही बिनचकाकीचा.

एफ४एफ-३ चे पंख दुमडत नाहीत. मशीनगन चार, प्रत्येकीला ४५० गोळ्या. जानेवारी १९४२ च्या आदेशाने दोन्ही पंखांवर वर-खाली तारे आले आणि रडरवर (शेपटीवरच्या उभ्या सुकाणूवर) १३ आडवे पट्टे: ७ लाल, ६ पांढरे. ताऱ्याच्या मधोमध लाल ठिपका आधीपासून होताच. दिसायला हेच देखणं, पण कस लागतो तो रडरवर. मूळ रडर कापडाने मढवलेलं, म्हणून किटमध्येही बरगड्या उठून दिसतात आणि त्यांच्यामध्ये डिकलखाली (किटसोबतच्या चिकटचित्राखाली) हवा अडकते. पट्टे रंगवलेलेच बरे. आधी सगळं पांढरं, रात्रभर वाळू द्या, मग टेप लावून लाल. सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा पट्टा लाल आला नाही, तर मोजणी चुकली म्हणून समजा.

गाजलेले नौदल वैमानिक बुच ओ’हेअरचं विमान करणारे हमखास फसतात. प्रसिद्ध फोटोतलं १३ नंबरचं विमान एप्रिलमधलं आहे. ज्या झुंजीने ओ’हेअर गाजले, त्या २० फेब्रुवारीच्या झुंजीत ते १५ नंबरच्या विमानात होते.

एफ४एफ-४ चे पंख मागे दुमडतात. रुंदी ३८ फुटांवरून साधारण १४ वर येते, त्यामुळे एका विमानवाहू जहाजावर १८ ऐवजी २७ लढाऊ विमानं ठेवता आली. बंदुका सहा झाल्या, पण गोळ्या प्रत्येकी २४०, म्हणजे एकूण १८०० च्या जागी १४४०. वजन वाढलं, चढण मंदावली. वैमानिक कुरकुरले ते उगीच नाही. जपानी विमानांवरच्या लाल वर्तुळाशी गल्लत होऊ नये म्हणून मेच्या मध्यापासून ठिपका आणि पट्टे दोन्ही गेले.

सहा बंदुका आणि पट्टे एकत्र चालतात का? चालतात, पण फक्त डूलिटल हल्ल्याच्या (जपानवरच्या अमेरिकन हवाई हल्ल्याच्या) सुमारास, एप्रिल ते मध्य मे. नोव्हेंबरमधल्या उत्तर आफ्रिका मोहिमेत ताऱ्याभोवती पिवळं कडं आलं. तो तिसराच पर्याय.

पहिलंच किट असेल तर मिडवेचं घ्या. तारा किंचित मळका करा, ठिपक्याची जागा मात्र स्वच्छ पांढरी ठेवा, आणि रडरला अंगापेक्षा जरा गडद निळसर करडा द्या. पट्टे झाकणारा तो रंग उन्हात फिकटायला अजून वेळ होता.