४.२० दाखवणारा चार्जर आणि माझे ५,६५० रुपये

आधीच सांगतो, मी नवशिका नाही. अकरा वर्षं रिमोटची विमानं उडवतोय. तरी पुण्यात तपकीर गल्लीतल्या एका दुकानदाराने सीलबंद खोक्यातला, होलोग्रामवाला ‘ओरिजिनल’ बॅलन्स चार्जर (बॅटरीतला प्रत्येक सेल सारखा भरणारा) २,३५० रुपयांना माझ्या गळ्यात मारला. "पक्कं बिल हवं तर १८ टक्के वर पडतील," म्हणाला. मी ४२३ रुपये वाचवले. हो, वाचवले!

पहिल्याच चार्जिंगला स्क्रीनवर बॅटरी पॅकचे तिन्ही सेल ४.२०, ४.२०, ४.२० व्होल्ट. एक आकडा हलेना. मी खूश. सवयीने पॅकला दीडशे रुपयांचा, सेलचे व्होल्ट दाखवणारा बझर लावला, तर तो म्हणतो ४.३१, ४.३०, ४.३१. इथेच थांबायला हवं होतं. मी काय केलं? बझर कचऱ्यात टाकला! दीडशेचं खेळणं खरं की साडेतेवीसशेचं यंत्र? उगाच हसू नका, तुम्हीही हाच हिशेब केला असता.

लायपोचा, म्हणजे लिथियम पॉलिमर बॅटरीचा, सेल ४.२०च्या वर नेला की आत गॅस धरतो. आठव्या चार्जिंगला पॅक पुरीसारखा टम्म. पाठोपाठ दुसरा. १,६५० प्रमाणे ३,३०० गेले. मग मित्राचा चांगला मल्टिमीटर आणला, तर बझर बरोबर निघाला.

तेव्हा पहिलं चार्जिंग संपताच पॅकच्या बॅलन्स कनेक्टरच्या (प्रत्येक सेलची तार येते तो छोटा प्लग) शेजारशेजारच्या दोन पिनांवर मीटर लावून एकेक सेल मोजा. मीटरचं टोक, म्हणजे प्रोब, घसरला तर शॉर्ट होईल, हात स्थिर ठेवा. आणि मीटरमधली ९ व्होल्टची बॅटरी आधी बदला. ती उतरली की स्वस्त मीटर आकडा वाढवून दाखवतो.

दुकानदार म्हणाला, "साहेब, मीटर खराब असेल तुमचा." चौकीत गेलो. हवालदाराने फुगलेला पॅक पाहून विचारलं, "हे ड्रोनचं ना? परवानगी आहे का?" फसलो मी आणि चौकशी माझीच! विमान आहे, ड्रोन नाही, हे समजावण्यात पाऊण तास गेला. शेवटी म्हणाले, ग्राहक तक्रारीकडे जा. तिथल्या बाईंनी मान वर न करता विचारलं, "बिल?" बिल नाही म्हटल्यावर अर्जही परत. चार्जर समोर ठेवला होता, हातसुद्धा लावला नाही. ०.११ व्होल्टसाठी एवढी दगदग कशाला, म्हणे.

बिल घ्या. १८ टक्के द्या, पण घ्या.

दोन्ही पॅक गॅलरीत वाळूच्या बादलीत पडलेत. मागच्या शनिवारी त्याच दुकानावरून गेलो, काउंटरवर तशीच सहा खोकी रचलेली होती.