रूनक्वेस्टमधील हिरोक्वेस्ट : कथा किती वाकवू द्यावी?

रूनक्वेस्ट या, फासे टाकून पात्रांच्या भूमिका वठवण्याच्या खेळाची २०१८ ची आवृत्ती आमच्या गटात गेले अनेक महिने नियमितपणे खेळली जात आहे. लढाई आणि जादू यांचे नियम भक्कम आहेत, त्यावर फार लिहिण्याची गरज नाही. माझा अनुभव मुख्यतः हिरोक्वेस्टचा, म्हणजे पात्रांनी देवांच्या काळात शिरून एखाद्या देवाची कथा टप्प्याटप्प्याने स्वतः जगण्याचा आहे. ग्रेग स्टॅफर्ड यांनी घडवलेल्या ग्लोरांथा या जगात अशा यात्रेचे फळ साऱ्या कुळाला मिळते आणि वाट चुकली तर त्याची झळही कुळालाच बसते. मूळ नियमपुस्तकात मात्र या यात्रांची सविस्तर नियमावली नाही, त्यामुळे कथा कुठवर वाकू द्यायची हे गेममास्टरला, म्हणजे खेळ चालवणाऱ्यालाच (आमच्या गटात मला) ठरवावे लागते.

वादळदेव ऑरलांथ निळा ड्रॅगन अरोका याला मारून पर्जन्यदेव हेलरची सुटका करतो, अशी एक कथा आहे. आमच्या खेळात ऑरलांथची भूमिका घेतलेला योद्धा पुढे सरसावणार, तोच व्यापाराचा देव इसारीझ याच्या उपासकाने ड्रॅगनशी सौदा करण्याचे ठरवले. त्याचे सौदेबाजीचे कौशल्य ६५ टक्के होते, म्हणजे फाशांवर यशाची शक्यता तेवढी. कुळावरील निष्ठेचा आधार मिळावा म्हणून त्याने आधी निष्ठेचे फासे टाकले; ते साधल्यामुळे २० टक्क्यांची भर पडली, फसले असते तर उलट टक्के वजा झाले असते. सौदा जमला आणि हेलर सुटला. मात्र ड्रॅगन जिवंत राहिला, योद्ध्याला ड्रॅगनवधाचे बळ मिळाले नाही, आणि पुढच्या हंगामात पावसामागोमाग अरोकाही हप्ता वसूल करायला दारात हजर झाला.

व्यापारदेवाच्या उपासकाने सौदा करणे त्याच्या श्रद्धेतूनच आले होते, म्हणून मी ते चालू दिले. याउलट एका खेळाडूने, केवळ जास्तीचे फळ पदरात पडावे म्हणून, भलत्याच देवतेच्या कथेतला टप्पा मध्ये जोडण्याची टूम काढली, तेव्हा मी ग्लोरांथाच्याच इतिहासाकडे बोट दाखवले : मिथकांवर प्रयोग करणाऱ्या गॉड लर्नर्सनी दोन भूदेवतांची अदलाबदल केली आणि पिके बुडाली.

मूळ कथा सर्वांना आधीपासून ठाऊक असावी, याबाबत मी आग्रही आहे, कारण वाटच माहीत नसेल तर आडवाट निवडण्यात काही धाडस उरत नाही. याच जगावरचा १९९९ चा ‘किंग ऑफ ड्रॅगन पास’ हा संगणकीय खेळ या सवयीसाठी उत्तम आहे. तिथे कथा लक्षात ठेवूनच योग्य पर्याय निवडावे लागतात.

तक्रार एकच. निष्ठा किंवा रून (पात्राची एखाद्या दैवी शक्तीशी असलेली जवळीक) नव्वद टक्क्यांच्या आसपास गेला की खेळाडू प्रत्येक टप्प्यावर त्याचाच आधार घेतात आणि यात्रेतली धाकधूक संपते. म्हणून एका यात्रेत एक आधार एकदाच, असा आमचा घरचा नियम आहे. लाइटब्रिंगर्सच्या, म्हणजे जगात प्रकाश परत आणणाऱ्या ऑरलांथ आणि त्याच्या सोबत्यांच्या, सात भूमिकांच्या यात्रेला आम्ही अजून हात घातलेला नाही. गटात खेळाडू चारच आहेत आणि युर्मल या ठकदेवाची भूमिका चौघांनाही हवी आहे.