एरर पायथनचेच ठेवावेत की आपले घडवावेत?

मॉडबस टीसीपीवरून (यंत्रांशी नेटवर्कवरून बोलायची एक ठरलेली पद्धत) ठिबकच्या कंट्रोलरशी बोलणारी एक असिंक लायब्ररी, म्हणजे उत्तराची वाट पाहताना अडून न बसणारा, इतरांच्या प्रोग्रामात वापरता येणारा कोड, मी जळगावात बसून पायथन भाषेत लिहिली. सॉकेट, फ्रेम, टाइमर हे सगळं जमलं, पण खरी अडचण शेवटी आली. लाइन तुटली, उत्तर आलं नाही किंवा समोरच्याने नकार दिला, तर वापरणाऱ्याच्या हातात काय ठेवायचं? पायथनचेच एरर ठेवायचे की आपले घडवायचे, या दोन्ही पद्धती करून पाहिल्या आहेत. मोजमाप काही केलेलं नाही, जे सोसलं तेवढंच सांगतो.

पहिल्या पद्धतीत पायथनचेच एरर तसेच वर जाऊ द्यायचे, फार तर आपले क्लास (एररचे प्रकार) त्यांच्यापासून काढायचे. पायथन ३.३ पासून सॉकेटचे बहुतेक एरर ओएसएररच्या (ऑपरेटिंग सिस्टिमकडून येणाऱ्या अडचणींच्या एररच्या) एका छपराखाली आलेत. वापरणाऱ्याला नवीन काही शिकावं लागत नाही आणि आपलंही काम हलकं होतं. एआयओएचटीटीपी या वेबशी बोलणाऱ्या लायब्ररीने दोन्हीकडे पाय ठेवलाय. तिचा क्लायंटओएसएरर तिच्या स्वतःच्या घराण्यातलाही आहे आणि ओएसएररचाही वारस आहे.

दुसऱ्या पद्धतीत घराणंच वेगळं. खालचा एरर पकडायचा, ‘रेझ फ्रॉम’ने मूळ कारण जोडायचं आणि वर आपल्या नावाचा एरर फेकायचा. वेबशी बोलणारी दुसरी लायब्ररी एचटीटीपीएक्स याच वाटेने जाते. काम कंटाळवाणं आहे आणि एखादा एरर गुंडाळायचा राहून जातोच. माझ्याकडून इन्कम्प्लीटरीडएरर (उत्तर अर्धवटच आलं की येणारा) राहिला होता. मी ओएसएरर पकडून निवांत होतो आणि तो निघाला ईओएफएररच्या, म्हणजे ओएसएररबाहेरच्या एका वेगळ्याच घरचा.

म्हणून बरेच दिवस मी पहिलीकडेच झुकलेलो होतो. मन फिरलं ते रावेरकडच्या एका केळीबागेमुळे.

तिथल्या कंट्रोलरमध्ये एका रजिस्टरात (आकडा ठेवायच्या कप्प्यात) १ लिहिला की विद्राव्य खताचा एक डोस सुटतो आणि कंट्रोलर ते रजिस्टर परत ० करतो. पुन्हा १ लिहिला की पुन्हा डोस. माझ्या कोडात दोन एक्सेप्ट (एरर पकडणारे भाग) होते. पायथन ते वरून खाली तपासतं आणि पहिला जुळेल तोच चालवतं. वरचा ओएसएररसाठी, लाइन गेली तर पुन्हा जोडून पुन्हा पाठवणारा. (हेही धोक्याचंच होतं, पण तोवर खपून गेलं.) खालचा असिंकआयओच्या (पायथनसोबत येणाऱ्या असिंक लायब्ररीच्या) टाइमआउटसाठी, म्हणजे ठरल्या वेळेत उत्तर न आल्यास, आधी स्थिती वाचून मग ठरवणारा. वर्षभर ठीक चाललं.

मग मी सर्व्हरवर पायथन ३.१० काढून ३.११ टाकलं. या आवृत्तीत असिंकआयओचा टाइमआउटएरर आणि पायथनचा मूळचा टाइमआउटएरर एकच झाले, आणि मूळचा तर ओएसएररचंच पोर! माझ्या कोडाची एक ओळही न बदलता टाइमआउट वरच्या एक्सेप्टमध्ये शिरायला लागला. वर मे महिना. पत्र्याच्या पेटीतला मॉडेम तापून उत्तरं रेंगाळायची. डोस सुटलेला असायचा, पोच यायला उशीर, तेवढ्यात आमचा कोड दुसरा डोस सोडून मोकळा. दोन दिवसांनी त्या बागेतल्या नानांचा फोन आला, “काय भो, पांढऱ्या पोटॅशची टाकी दुपारीच कशी खाली झाली?”

चूक माझीच. बदल पायथनच्या कागदपत्रांत लिहिलेला होता, मीच तो वाचला नव्हता. तरीही एक गोष्ट खटकली ती खटकलीच. माझ्या लायब्ररीच्या एररचा अर्थ माझ्या हातात नव्हता.

आता माझ्याकडे तीनच क्लास आहेत. नॉटसेंट म्हणजे बाइट बाहेर पडण्याआधीच अडलं, खुशाल पुन्हा पाठवा. नोरिप्लाय म्हणजे पाठवलं, पण पुढे काय झालं ते माहीत नाही. मग कारण टाइमआउट असो की रीसेट (जोडणी अचानक तुटणं), आधी रजिस्टर वाचा. सगळा खेळ या दुसऱ्यात आहे. ओएसएररच्या छपराखाली ‘गेलंच नाही’ आणि ‘गेलं असेल’ हे दोन्ही शेजारी बसतात. एचटीटीपीएक्समध्येही कनेक्टटाइमआउट (जोडणीच झाली नाही) आणि रीडटाइमआउट (उत्तर आलं नाही) वेगळे आहेत, ते उगाच नाही. तिसरा रिफ्यूज्ड, म्हणजे कंट्रोलरने स्वतःच नाही म्हटलं. मॉडबसमध्ये फंक्शन कोडचा सर्वांत वरचा बिट लागून उत्तर येतं आणि सोबत कोड येतो. ०२ म्हणजे पत्ता चुकीचा, ०६ म्हणजे यंत्र दुसऱ्या कामात. प्रत्येक कोडाला वेगळा क्लास करण्याचा मोह मला झाला होता, पण कोड एका फील्डमध्ये ठेवला तरी भागतं.

कॅन्सल्डएररला (चालू टास्क, म्हणजे असिंक काम, रद्द केलं की येणारा) मात्र कुठल्याच पद्धतीत गुंडाळू नका. ३.८ पासून तो एक्सेप्शनमधून (नेहमीच्या एररच्या घराण्यातून) काढून थेट सगळ्यांच्या मुळाशी असलेल्या बेसएक्सेप्शनखाली नेलाय. तो अडवला तर थांबवलेला टास्क थांबतच नाही.

तुमची लायब्ररी नुसती वाचणारी असेल, समजा वीजमीटरचं रीडिंग घेणारी, तर पहिली पद्धत पुरेशी वाटते. माझ्याच एका स्क्रिप्टमध्ये ती अजून आहे आणि ती बदलायचा विचारही नाही. पण समोर काही लिहायचं असेल, मोटर सुरू करायची किंवा खत सोडायचं असेल, तर दुसरीचा कंटाळा आधीच सोसलेला बरा. मला ते काम दीड दिवस पुरलं, त्यातला अर्धा दिवस त्या इन्कम्प्लीटरीडएररने खाल्ला.