बीडब्ल्यूपीचे पैसे घेऊन एमआर प्लाय बसवला: इंटिरिअरवाल्यांनो, सावध राहा

एका मॉड्युलर वर्कशॉपने आमच्या इंटिरिअर फर्मला ३,४७,००० रुपयांना बुडवलं. तेही बिल, चलन, वॉरंटी कार्ड सगळं रीतसर हातात देऊन.

ऑर्डर एक किचन आणि तीन वॉर्डरोबची, ६,८५,००० रुपयांची. ५८ शीट, सगळ्या १९ एमएम बीडब्ल्यूपी, म्हणजे उकळतं पाणीही सोसणारा प्लाय. प्रत्यक्षात बीडब्ल्यूपी निघाल्या ११, त्याही थप्पीच्या वरच्या. खालच्या ४७ एमआर, म्हणजे फक्त दमटपणा सोसणारा प्लाय, कडेला शिक्का मात्र बीडब्ल्यूपीचा. एकदा लॅमिनेट चढून एज बँड (कडेची पट्टी) बसला की आत काय आहे ते कोणाच्या बापाला कळत नाही.

चार महिन्यांत सिंकखालचा तळ फुगला, लॅमिनेटला फोड आले, बिजागरीचे स्क्रू भुशासकट हातात आले. एमआरमधल्या युरियाच्या गोंदाला सततची ओल सोसत नाही. बीडब्ल्यूपीत फिनॉलचा गोंद असतो, म्हणून तो टिकतो.

सगळ्यात जास्त जळफळाट होतो तो एका फोटोमुळे. बिजागरीच्या कपासाठी शटरला (कपाटाच्या दाराला) ३५ एमएमचं भोक पाडतात. तिथे प्लायचं पोट उघडं पडतं. फिनॉलच्या गोंदाच्या रेषा काळपट तांबड्या दिसायला हव्यात. वर्कशॉपने पाठवलेल्या फोटोत त्या फिक्या, जवळजवळ लाकडाच्याच रंगाच्या होत्या. पुरावा समोर होता! पण असा फोटो मापं आणि भोकांच्या जागा तपासायला मागवतात, गोंदाचा रंग बघायला नाही. शिवाय मंजुरीसाठी आलेला नमुना शंभर टक्के अस्सल होता.

नुसत्या रंगावरही जाऊ नका, गोंदात रंग मिसळणारे आहेत. कटिंगमधला तुकडा उचला आणि उकळत्या पाण्यात टाका. एमआरचे थर काही तासांत सुटतात. हा तुकडा ढिगातून आपण निवडायचा, त्यांनी दिलेला घ्यायचा नाही.

हिशेब असा: ६,१६,५०० रुपये म्हणजे ९० टक्के रक्कम आधीच गेली होती. बॉक्स (कपाटांचे सांगाडे) नव्याने करायला ३,११,००० लागले. क्लायंटने १,०४,५०० रोखले, आणि त्यांचं काय चुकलं? आमच्या हातात राहिलेले १० टक्के, ६८,५०० रुपये, वजा करा, म्हणजे बुडालेले ३,४७,००० येतात. ९० टक्के फिटिंगआधी देऊ नका. प्लायचे पैसे कटिंग सुरू होण्याआधी माल मोजून, प्रत्येक शीटवर आपली सही करून मगच सोडा.

पोलिसांकडे गेलो तर, ‘माल मिळाला ना? मग हे दिवाणी प्रकरण.’ ४७ खोटे शिक्के मारणं दिवाणी कसं? अर्ज घ्यायलाच तयार नव्हते. घेतला तेव्हा पोच दिली नाही. ग्राहक तक्रारीला गेलं तर तुम्ही व्यावसायिक, ग्राहक नाही. प्लाय कंपनीचं उत्तर, शीट आमची नाही, विक्रेत्याला विचारा. ज्यांचा शिक्का चोरला गेला त्यांनाही फिकीर नाही! वकील म्हणतात दावा लावा, पण फुगलेले बॉक्स क्लायंटच्या घरात वर्षानुवर्षं पुरावा म्हणून ठेवणार कसे?

म्हणून जुनं फर्निचर उतरवताना प्रत्येक पॅनेलचा कापलेला तुकडा तारीख घालून, क्लायंटची सही घेऊन जपून ठेवा. आणि पुढच्या वर्क ऑर्डरमध्ये ‘वॉटरप्रूफ प्लाय’ असं मोघम लिहू नका. ग्रेड, जाडी, शीटची संख्या आणि उकळण्याची चाचणी, चारही लिहा.