स्प्लेंडरचं ऑइल घरी बदलताना: हिरो ४टी प्लस, आणि गार की गरम?

गाडी स्प्लेंडर प्लस, रोजची धाव बेळगावजवळच्या येळ्ळूर ते उद्यमबाग. इंजिन नीट तापायच्या आत कारखान्याचं गेट येतं. अशा गाडीचं ऑइल लवकर मरतं, कारण आत साठलेलं पाणी आणि पेट्रोलचा अंश उडून जायला लागते तेवढी उष्णता त्याला मिळतच नाही. म्हणून मी कंपनीच्या वेळापत्रकाची वाट बघत बसत नाही. बदलतो घरीच. गॅरेज सोडायचं कारण वेगळं आहे: एका ठिकाणी पोरानं ड्रेन बोल्ट, म्हणजे ऑइल काढायचा खालचा बोल्ट, पान्याला पाइप अडकवून आवळलेला पाहिला. बोल्ट लोखंडी, क्रँककेस, म्हणजे इंजिनाचं खालचं कवच, ॲल्युमिनियमची; जास्त जोर लावला की आटे तिचेच जातात. दिवसभर लेथवर आटे पाडणाऱ्या माणसाला ते बघवत नाही.

ऑइल हिरोचंच, ४टी प्लस, १०डब्ल्यू-३० (पहिला आकडा थंडीतल्या घट्टपणाचा, दुसरा गरम असतानाचा), ९०० मिलीचा डबा. दुकानदार दर वेळी म्हणतो, गाडी जुनी झाली, आता २०डब्ल्यू-५० घाला. नको. ९७.२ सीसीच्या इंजिनाला घट्ट ऑइल म्हणजे नुसता भार, त्यात थंडीत पहाटेची किक आणखी जड. डब्यावर मी बघतो ते जासो एमए, ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचला चालणाऱ्या ऑइलची खूण. आपल्या गाड्यांचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, त्यामुळे कारचं उरलेलं ऑइल ओतलं तर क्लच सरकायला लागू शकतो.

आता मुद्द्याचं. शेजारच्या काकांचं ठाम मत: "रात्रभर थांबलेल्या गाडीचं गारच काढ की, सगळं खाली बसलेलं असतंय." बोलणं खोटं नाही. हेडमध्ये, क्लचमध्ये अडकलेलं ऑइल रात्रभरात खाली येतं, आणि हातही भाजत नाही. पण डिसेंबरातल्या सकाळी बोल्ट काढला की धार काकवीसारखी लोंबते. ३० नंबरचं ऑइल १०० अंशाला ९.३ ते १२.५ सेंटिस्टोकच्या (घट्टपणा मोजायचं माप) आत असावं लागतं. १०डब्ल्यू-३० ४० अंशाला त्याच्या सहा-सातपट घट्ट असतं, आणि आपल्याकडची थंडीतली सकाळ तर ४० च्या किती खाली. ऑइल निघतं शेवटी, पण फार वेळ खातं. शिवाय रात्रभरात बारीक गाळ तळाला बसतो, आणि बसलेला गाळ सावकाश गळणाऱ्या ऑइलबरोबर वाहून येईलच असं नाही.

याच्या उलट, खानापूरहून थेट आलेल्या गाडीचं लगेच काढायचं म्हटलं तर सायलेन्सरचा पाइप ड्रेन बोल्टपासून फार लांब नाही. तिथे मनगट टेकलं की संपलं.

मी करतो ते मधलं. गावातल्या गावात एक फेरी मारायची, बंद करून दहा मिनिटं थांबायचं, मग मेन स्टँडवर घेऊन १७ चा रिंग पाना. गाळ ऑइलमध्ये ढवळलेला असतो, तो बराचसा बरोबर येतो. एक गंमत आहे, माहीत नसेल तर फरशी खराब होते: कोमट ऑइलची धार सुरुवातीला बोल्टच्या खाली पडत नाही, वीतभर पुढे उडते, आणि जोर ओसरला की मागे सरकून सरळ खाली येते. ट्रे आधी पुढे, मग मागे. भरायच्या भोकाचं झाकणही आधी सैल करून ठेवा, हवा शिरली की धार तुटत नाही. शेवटचे थेंब बोटावर घेऊन उजेडात बघतो. राखाडी चमक थोडी असतेच. नखाला धातूचा कण लागला तर मात्र विचार करायचा.

वॉशर नवा, बोल्ट आधी बोटांनी बसवायचा, मग पाना. पाइप नाही. डबा एकदम रिकामा करू नका. शेवटचं थोडं राखून इंजिन दोन-तीन मिनिटं चालवा, बंद करून थांबा, आणि डिपस्टिक न आवळता नुसती टेकवून बघा. घरी न होणारी गोष्ट एकच: या इंजिनाची जाळी आणि फिरता फिल्टर उजव्या कव्हरच्या आत आहे. ते कधीतरी चांगल्या माणसाकडून उघडून घ्यावंच लागतं.

ऑइलबद्दल तक्रार नाही. गिअर पहिल्या दिवसापासून मऊ पडतात, चोर्ला घाटात क्लच सरकला नाही. टॅपेटचा (व्हॉल्व्हच्या फटीचा) आवाज होता तेवढाच आहे, तो ऑइलनं जाणारही नव्हता. पाचपैकी चार. एक तारा कापला तो घट्ट ऑइल गळ्यात मारणाऱ्या दुकानदाराचा, ऑइलचा नाही.

काळं ऑइल बांधावर ओतणाऱ्यांना हात जोडून सांगणं आहे, आपल्या भागात त्या बांधापलीकडे बासमती असते. रिकाम्या डब्यात भरून गॅरेजला द्या, त्यांचं बॅरल भरलं की नेणारे येतात.