थेरपीला पाच स्टार, लाटांच्या टेपला शून्य

समुद्रकाठच्या या वेलनेस केंद्राच्या पॅकेजमध्ये काय काय असतं ते जाहिरातीतून तुम्हाला पाठ असेलच: समुपदेशन, माइंडफुलनेस (आत्ताच्या क्षणाकडे लक्ष द्यायचं ध्यान), साउंड बाथ (पडून आवाज ऐकायचे), रेकी (हातांनी ‘ऊर्जा’ देतात म्हणे), शिरोधारा (कपाळावर तेलाची धार) आणि वर अश्वगंधाचा डबा. ते पुन्हा सांगत नाही. जुलैत रेड अलर्ट होता, रस्त्यावर झाड पडलं, मी पोचले नाही, आणि केंद्राने ते सत्र ‘लॅप्स’ करून टाकलं, म्हणून हा लेखनप्रपंच. पैसे आगाऊ घेतलेले. चोवीस तास आधी कळवायचं म्हणे. झाडाने मला कळवलं असतं तर मीही कळवलं असतं! बरीच हुज्जत घातल्यावर पैशांऐवजी साउंड बाथचं कूपन देऊ केलं. तेच मला नको होतं.

श्रीवर्धनकडच्यांना वेगळं सांगायला नको. 3 जून 2020 ला निसर्ग वादळाने आमची सुपारीची वाडी आडवी केली. रोपं पुन्हा लावली, पण वारा घोंघावू लागला की अजून छातीत धडधड, हात गार, रात्रभर डोळ्याला डोळा नाही. ईसीजी नॉर्मल. आमच्या डॉक्टरांनीच थेरपी सुचवली.

आता ती टेप, म्हणजे त्यांचा साउंड बाथ. खोलीला एसी, काचा बंद, पडदे ओढलेले आणि स्पीकरवर लाटांचा आवाज. भिंतीपलीकडे समुद्राची गाज फुकट ऐकू येतेय, आणि आम्ही पैसे मोजून रेकॉर्डिंग ऐकतोय. बरं, त्यात मधूनच वाऱ्याची शीळ. डोळे मिटून श्वासाकडे लक्ष द्या म्हणाले. माझं लक्ष थेट पत्रे उडण्याकडे. घाम फुटला. बंद करा म्हटलं तर साउंड हीलर म्हणतात, “अडवू नका, वाहू द्या.” वाहूनच तर गेलं होतं सगळं.

तेव्हाच ठरवून टाकलं होतं की ध्यानबिन सगळं थोतांड. हे मत बदललं ते तिथल्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मॅडममुळे. त्यांनी आधी टेप बंद करायला लावली. धक्का बसलेल्या माणसाला डोळे मिटून श्वासावर बसवलं तर कधीकधी भीती उलट वाढते, म्हणाल्या. डोळे उघडे, तळवे लादीवर, गारवा लागतोय का बघा. मग वहीत तीन रकाने: वाऱ्याचा आवाज, मनात आलेलं वाक्य (“आता छप्पर जाणार”), अंगात झालेला बदल. आधी हे तिन्ही एकच वाटायचं.

घरी सराव सुपारी सोलताना. साल कुठे सुटते, धागा नखात कुठे अडकतो, बोटाला वास कसला येतो, एवढंच बघायचं. सासूबाई म्हणाल्या, “त्यापेक्षा जपमाळ ओढ, फुकट आहे.” मॅडमना सांगितलं तर हसल्या. “ओढा की! फक्त भीती घालवायला नको. ती आली तरी पुढचा मणी सरकवायचा.” सासूबाई तेव्हापासून त्यांच्या बाजूच्या.

ध्यान आणि मानसोपचाराचा हा मेळ हवेतून आलेला नाही. जॉन कबाट-झिन यांनी 1979 मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये ताणासाठी ध्यानाचा कार्यक्रम सुरू केला. पुढे सीगल, विल्यम्स आणि टीसडेल या मानसशास्त्रज्ञांनी त्याची सीबीटीशी (विचार आणि वागणं तपासून बदलायला शिकवणाऱ्या थेरपीशी) सांगड घातली, ती नैराश्य पुन्हा पुन्हा उलटू नये म्हणून. माझा त्रास वेगळा, पण निदान कशावर काय तपासलंय ते मॅडम सांगू शकल्या. रेकीवाल्यांना विचारलं तर ऊर्जा, ऊर्जा आणि ऊर्जा. शिरोधारेने झोप छान लागते, खोटं कशाला बोलू. पण त्या दरात महिन्याचं तेल येतं. अश्वगंधाचा डबा मी उघडलाच नाही. मला थायरॉइडची गोळी चालू आहे आणि अश्वगंधाने थायरॉइडची पातळी वाढू शकते. हे देताना कोणी विचारलं नव्हतं, मॅडमनीच थांबवलं.

ऑगस्टपासून पॅकेज मोडून फक्त मॅडमची सत्रं घेते, पावसात फोनवर. वारा सुटला की अजून जाग येते, पण आता उठून पत्रे तपासत फिरत नाही.

जाणार असाल तर आधी समोरच्या सायकॉलॉजिस्टची आरसीआय नोंदणी विचारा (आरसीआय म्हणजे भारतीय पुनर्वास परिषद, क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंद तिथे होते). विम्यावर फार विसंबू नका: 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने विमा द्यायचा आहे, पण साध्या पॉलिसीत ओपीडीची सत्रं सहसा बसत नाहीत. पैशांची अडचण असेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर फुकट आहे. आणि पॅकेज न घेता सुटी सत्रं मिळतात. रेट कार्डावर छापलेलं नाही, काउंटरवर अडून बसावं लागतं.